तिकीट काढून काळोख

आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी. अशा गावचा माणूस मुंबईत तारे पाहायला तिकीट काढतो, याला काय म्हणावं? आमची सौ. याला ‘मुलांचं ज्ञान वाढवणं’ म्हणते.

वरळीचं नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झालं. तिथल्या वजनकाट्यांवर मी चढलो. पृथ्वीवर ७२ किलो, चंद्रावर फक्त १२! एका फटक्यात ६० किलो माफ. एवढी सूट बँकेत फक्त बड्या कर्जदाराला मिळते.

मग घुमटाखाली रेलून बसलो. दिवे मावळले, तारे उगवले आणि सगळीकडून ‘आहा!’ निघालं. सर्वांत मोठा ‘आहा’ माझाच. मुंबईचा ध्रुव क्षितिजापासून १९ अंश वर असतो, हेही कळलं. शेजारचे गृहस्थ घोरत होते.

मे महिन्यात गावी काकांना हे ऐटीत सांगितलं. काका म्हणाले, “तिकीट काढून काळोख बघूक गेलंस? हंय फुकट आसा!”

म्हणून मुलांना वाळूवर नेलं. देवबागला ध्रुव १६ अंशांवरच, म्हणजे तसा खालीच. ज्याच्या भरवशावर होडीवाले दिशा धरत, तो मला सापडेना! उत्तरेला नुसता उजेड. पाहुण्यांच्या खोल्यांचे दिवे, माडांना गुंडाळलेल्या माळा, आणि सर्वांत झगझगीत दिवा आमच्याच पडवीतला. गेल्या वर्षी मीच लावलेला, छाप पडावी म्हणून.

माझं भांडण विजेशी नाही. पायाखाली विंचू यायचा ते दिवस मला नकोत. भांडण आहे ते वर तोंड करून जळणाऱ्या दिव्याशी. चालायचं जमिनीवर आणि उजेड पाडायचा ढगांवर! कासवाची पिल्लं उजळ दिसेल तिकडे धावतात. पूर्वी तिकडे समुद्र असायचा, आता हॉटेल असतं. दिव्याला वरून टोपी घालायला आणि काम झालं की बटण दाबायला काय घुमट बांधावा लागतो?

तारांगण हवंच. पावसाळ्यात आमच्याकडेही तारा दिसत नाही, आणि व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे हे काका सांगणार नाहीत. पण तारांगण म्हणजे पासबुक. खात्यातली शिल्लक उडवून नुसतं पासबुक भरून घेणाऱ्याला आम्ही काऊंटरमागे काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

मी जाऊन पडवीतला दिवा बंद केला. ध्रुव दिसला, पण अंधुकच.

“बाबा, पुढचा शो कधी?” धाकटीने विचारलं.

म्हटलं, “शेजारी दिवा विझवतील तेव्हा.”