ट्रॅक्टर हाय, रान कुठाय?



सावड तुमच्या आज्यानं पाहिलीय. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक. जोडी जुळली की आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. सहकाराचे गोडवे गाणारे म्हणतात, हीच आपली जुनी सहकारी शेती. असेल! पण ज्याच्याकडं ना बैल ना गुंठाभर रान, तो सावडीत काय घालणार होता? त्याच्या वाट्याला वेठ.

२०१२ साली सरकारनं अनुसूचित जाती, नवबौद्धांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना काढली. साडेतीन लाखांची मर्यादा, ९० टक्के अनुदान, सोबत अवजारं. यंत्र सगळ्यांचं. मी नाक मुरडत नाही. गोदीत ओझं वाहतो. टोळीशिवाय जड नग हलत नाही, हे माझ्या खांद्याला ठाऊक हाय. पण भूमिहीनांचा गट ट्रॅक्टर फिरवणार कुणाच्या शेतात? पुन्हा पाटलाच्याच, भाड्यानं!

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन आणि अवजार वेगळं केलं नव्हतं. जमीन सरकारच्या मालकीची, जात न बघता गावकऱ्यांना कसायला द्यायची, शेती सामुदायिक. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं सरकारनं पुरवायचं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली जमिनीसाठीच सत्याग्रह केले. २००४ साली त्यांच्या नावाची योजना आली: दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीनाला चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत.

शुक्रवार पेठेतल्या पोरांनो, गावाकडच्या आपल्या गटांना सांगा, दोन्ही अर्ज एकदम टाका. साहेब विचारील, जमीन कशाला? त्यालाच विचारा, मग ट्रॅक्टर काय घराच्या ओट्यावर चालवू?