कॅप काढा, दाढ नव्हे

कॅप बसवलेल्या दाढेच्या मुळाशी पू झाला की ती दाढ संपली, तिच्यावर पुन्हा पैसे घालण्यापेक्षा ती उपटून इम्प्लांट बसवावे, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. मेलेला दात अंगात विष कालवतो, एकदा फसलेले रूट कॅनाल पुन्हाही फसणार आणि दाढ काढली की कटकट मिटते, ही त्यामागची कारणे. कोडोली-वारणानगरच्या ऊसपट्ट्यात हे चटकन पटते, कारण उसाची तोड आली असताना दवाखान्याच्या चार फेऱ्या कोण मारणार? पण सोयीचे ते खरे, असा काही नियम नाही.

विषाचा मुद्दा तर शंभर वर्षांपूर्वीच वाजवून झाला आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रिअलच्या व्याख्यानात सोन्याच्या कॅपखाली साचणाऱ्या घाणीवर कोरडे ओढले. घाणीबद्दल तो खोटे बोलत नव्हता. पण त्याच्या नावावर पुढे सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशावरही दात उपटण्याची साथ आली. तोंडे बोळकी झाली आणि सांधे दुखतच राहिले. तोच बाद झालेला सिद्धान्त आज नव्या वेष्टनात विकला जातो. दाढेतली नस मेली तरी मुळाला धरणारे तंतू आणि भोवतालचे हाड जिवंत असते. जंतूंचे ठाणे मुळातल्या नळीत असते; ती साफ होऊन घट्ट बंद झाली की पोखरलेले हाड हळूहळू भरते आणि ते एक्स-रेत दिसते. त्या नळीत रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही; गोळ्यांनी सूज ओसरते आणि पुन्हा येते. लोक याला दाढ निकामी झाल्याचा पुरावा मानतात. खरे तर नळी साफ झालेली नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

दुसऱ्या खेपेला यशाची शक्यता थोडी कमी असते, हे मान्य. पण वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी आधी हुकली असेल, किंवा कॅपच्या कडेतून लाळ झिरपून कीड लागली असेल, तर कारण सापडते आणि दूरही करता येते. आणि कटकट मिटते म्हणावे, तर इम्प्लांटभोवतीही पू होतो, मधुमेह आणि तंबाखू असेल तर अधिकच.

मग दाढ कधी काढावी? मूळ उभे चिरले असेल तेव्हा. हिरडीच्या कडेने बारीक सळई फिरवताना सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जाते आणि एकाच जागी एकदम खोल उतरते, तिथे चिरेचा संशय घ्यावा. कॅप काढल्यावर हिरडीच्या वर भोवताली दोनेक मिलिमीटरही निरोगी दात उरला नसेल, किंवा हाडाची पकडच सुटली असेल, तरीही काढावी. तिथे रेंगाळू नये. मात्र हा निवाडा आत पाहिल्यावरच होतो. तशी तपासणी करून घ्यायला नवे पारगावचे दंत महाविद्यालय कोडोलीपासून दूर नाही. उपटण्याला होकार देण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मूळ चिरले आहे का, दात किती उरला आहे आणि एखादी नळी राहून गेली आहे का? उत्तर मिळेपर्यंत होकार देऊ नका.