भाजलेल्या बाईचं दुखणं कोण मोजणार?

भाजलेली बाई दवाखान्यात आली, की पोलीस, सासर-माहेरची माणसं आणि आपण कार्यकर्त्या, सगळ्यांचं लक्ष तिच्या जबाबाकडे लागतं. 'स्टोव्हचा भडका उडाला' या वाक्यामागे काय दडलेलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. 'लॅन्सेट'मधल्या २००९ सालच्या अभ्यासानुसार २००१ या एका वर्षात देशात आगीमुळे १ लाख ६३ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यांत सुमारे ६५ टक्के बायका होत्या. तेव्हा जबाब हवाच. पण जबाब देऊन झाल्यावर खाटेवर उरलेल्या बाईच्या दुखण्याचं काय?

मी समाजकार्यकर्ती म्हणून जळीत वॉर्डात काम करते. भाजण्याइतकेच उपचारही छळतात, हे तिथे रोज दिसतं. ड्रेसिंग सोडताना जीव जातो. शस्त्रक्रियेत मांडीची कातडी काढून जखमेवर लावतात, तेव्हा मांडीचीही आग आग होते. अशा वेळी ओरडणाऱ्या बाईला ऐकवलं जातं, "बाळंतपण सोसलंस ना? मग एवढं काय त्यात!" बाईच्या जातीनं सोसायचंच असतं, हा घरातला नियम दवाखान्यातही तिची पाठ सोडत नाही.

म्हणूनच एका उपचाराची माहिती आपल्याला असावी असं वाटतं. अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर सुई न टोचता, कातडीवर चिकटपट्ट्या लावून विजेचा सौम्य प्रवाह देतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदू आणि मनगटाच्या थोडा वरचा, आतल्या बाजूचा बिंदू यासाठी बरेचदा वापरतात. यंत्र लहान असतं. या प्रवाहामुळे शरीर स्वतःच वेदना शमवणारी द्रव्यं सोडतं, असं चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध कमी लागल्याचं काही अभ्यासांत दिसलं. मात्र भाजलेल्या रुग्णांवरचे अभ्यास थोडे आहेत. शिवाय पट्टी धड कातडीवरच लावता येते. हातच भाजले असतील तर दुसरे बिंदू शोधावे लागतात. गरोदर बाईला किंवा पेसमेकर असलेल्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नये.

या उपचाराने गुंगी येत नाही, ही आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट. 'औषध दिलं तर जबाब टिकणार नाही' या भीतीपोटी बाईला तळमळत ठेवलेलं मी पाहिलं आहे. कायदा असं सांगत नाही. जबाब देताना तिचं भान शाबूत होतं का, एवढंच तो पाहतो. 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याची तशी खात्री पटली असेल, तर डॉक्टरांचा दाखला नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही. आणि वेदनेने कासावीस झालेली बाई तरी धड कसं बोलणार?

पण सावध राहायला हवं. स्वस्त यंत्र आलं म्हणून मॉर्फिन बंद, असं होता कामा नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणं दुरापास्त केलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. तरी गरीब बाईपर्यंत ते पोचतं का, हे आपणच विचारायला हवं. विजेचा उपचार औषधाच्या जोडीला हवा, औषधाच्या जागी नको. आणि तोही तिला नीट समजावून, तिच्या संमतीने. भाजलेल्या बाईचं शरीर ही प्रयोगाची जागा नव्हे.

आपल्या गटांनी जवळच्या रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. ड्रेसिंगआधी वेदनाशामक देता का? दुखणं किती आहे हे बाईला विचारून तिच्या कागदावर नोंदवता का? मॉर्फिनचा साठा आहे का? न्यायाची लढाई वर्षानुवर्षं चालते. ड्रेसिंग उद्या सकाळी आहे.