हातचा आणि ताळा

"चालून रायलं ना भाऊ, मंग कायले टेस्ट करतं?"

हे वाक्य अमरावती-अकोल्याच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ऐकू येतं. पुण्या-बंगळुरूच्या चकचकीत ऑफिसांतही ऐकू येतं, तिथे फक्त बोली बदलते. एखादं ॲप बनवणाऱ्याने ते म्हटलं तर एक वेळ सोडून देता येईल. ॲप बिघडलं तर स्क्रीन अडकते, लोक शिव्या घालतात, दुरुस्ती होते. पण गणिताची ओपन सोर्स लायब्ररी लिहिणाऱ्याने ते म्हटलं तर गप्प बसू नये. गणिताची लायब्ररी बिघडते तेव्हा स्क्रीन अडकत नाही. उत्तर येतं, नीटनेटकं येतं, आणि ते चुकीचं असतं.

तुम्ही पायथनमध्ये दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करता तेव्हा तो पायथन करत नाही. नमपाय ते काम खाली ढकलतं, बऱ्याचदा ओपनब्लास नावाच्या लायब्ररीकडे. शेकडो आकडी पूर्णांकांचं काम जीएमपीसारखी लायब्ररी करते. या लायब्ररींच्या अगदी तळाला असेम्ब्लीचे छोटे तुकडे असतात. ते प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळे आणि हाताने लिहिलेले असतात, वेगासाठी. माझं भांडण या तुकड्यांच्या चाचणीवरून आहे.

शाळेतली बेरीज आठवा. नऊ अधिक एक, शून्य लिहा, हातचा एक. कॉम्प्युटरही मोठ्या संख्यांची बेरीज अशीच करतो. फक्त त्याचा एक 'अंक' ६४ बिटांचा असतो. आता समजा, असेम्ब्ली लिहिणारा एका ठिकाणी हातचा पुढे न्यायला विसरला. चूक कधी दिसेल? मधला अंक काठोकाठ भरलेला असेल, म्हणजे ६४ च्या ६४ बिट एक असतील, आणि मागून हातचा येईल तेव्हाच. सरसकट यादृच्छिक संख्या घेतल्या तर असा अंक मिळण्याची शक्यता २ च्या ६४ व्या घातात एक. ती संख्या वीस आकडी आहे. सेकंदाला एक कोटी अंक तपासत बसलात, तर असा एक गाठायला सरासरी ५८ हजार वर्षं लागतील. म्हणजे "आम्ही लाखभर रँडम टेस्ट चालवल्या, सगळ्या पास" या वाक्याला इथे काडीची किंमत नाही.

ही भीती कागदावरची नाही. इंटरनेटचे व्यवहार कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलने जानेवारी २०१५ मध्ये जाहीर केलं की मोठ्या संख्येचा वर्ग काढणारं त्यांचं फंक्शन क्वचित चुकीचं उत्तर देतं. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी आणखी एक चूक दुरुस्त केली. या वेळी ६४ बिटी प्रोसेसरसाठीच्या गणनेत हातचा नीट पुढे जात नव्हता. आणि सिलिकॉनसुद्धा चुकतं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराच्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करताना त्या चुकीवर आदळले. कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला.

मग करायचं काय? उत्तर शाळेतच शिकवलंय: ताळा घ्यायचा. जीएमपीच्या चाचण्यांमध्ये प्रत्येक वेगवान तुकड्याशेजारी त्याच कामाची एक साधी, संथ, बाळबोध आवृत्ती ठेवलेली असते. दोघांना एकच गणित द्यायचं आणि उत्तरं जुळवायची. शिवाय संख्या सरसकट यादृच्छिक नसतात. सलग शून्यांच्या आणि सलग एकांच्या लांब रांगा असलेल्या संख्या मुद्दाम बनवल्या जातात, कारण हातचा तिथेच अडखळतो. ५८ हजार वर्षांचं काम असं काही सेकंदांवर येतं.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर रांगेत मांडतो, गुंडाळतो, आठवडाभर पाणी शिंपडतो आणि कोंब मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. हे न करता पेरलं तर काय होतं, तेही त्याला ठाऊक आहे. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता. दुबार पेरणीचा खर्च बियाणं विकणाऱ्याच्या खिशातून आपोआप जात नाही. तो शेतकऱ्याच्या घरातून जातो. न तपासलेल्या लायब्ररीचंही तसंच. दुबार पेरणी ती वापरणाऱ्याच्या वाट्याला येते.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं: "फुकट दिलंय, लायसन्समध्ये लिहिलंय, जबाबदारी घेत नाही." कायद्याने बरोबर. पण प्याऊवरचं पाणीही फुकटच असतं, म्हणून कुणी रांजण न धुता भरत नाही. दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: "आम्ही स्वयंसेवक, रात्री जागून कोड लिहितो, एवढ्या चाचण्यांना वेळ कुठून आणू?" हे मला मान्य आहे. वेळ नसेल तर नका आणू. पण मग वेगही आणू नका. ज्या तुकड्याचा ताळा झालेला नाही, तो रिलीजमध्ये बंद ठेवा आणि साधी आवृत्ती चालू द्या. संथ आणि बरोबर उत्तराने कुणाचं नुकसान होत नाही.

राहता राहिला "माझ्या लॅपटॉपवर चालतं" हा युक्तिवाद. ओपनब्लास चालू होताना प्रोसेसर ओळखून त्याच्यासाठीचे तुकडे निवडू शकतं. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर पास झालं, तर अनेक वाटांपैकी एक वाट पास झाली. बजेट फोनमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला कॉर्टेक्स-ए५३ घ्या. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक दोष होता. मेमरीला हात घालणाऱ्या सूचनेला लागूनच ६४ बिटी गुणाकार-बेरीज आली, तर उत्तर चुकू शकायचं. कम्पायलरला सांगितलं तर तो मध्ये एक रिकामी सूचना घालतो. पण हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीवर कम्पायलरचा हात फिरत नाही.

इथे अमरावती-अकोल्याचं पारडं जड आहे. लायब्ररी लिहिणाऱ्यांकडे बहुतेक नवी मशीन असतात. आपल्याकडे जुने लॅब पीसी आहेत, तीनदा विकले गेलेले लॅपटॉप आहेत, तडा गेलेल्या काचेचे फोन आहेत. त्या फोनवर टर्मक्स टाकून जीएमपी बांधता येतं आणि 'मेक चेक' चालवता येतं. चाचणी नापास झाली तर प्रोसेसर, कम्पायलरची आवृत्ती आणि संपूर्ण आउटपुट जोडून कळवा. रीडमीमधला स्वल्पविराम बदलून 'काँट्रिब्युटर' म्हणवून घेण्यापेक्षा हे शंभर पटीने मोलाचं आहे.

आणि फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टात 'टेस्टिंग' नावाचं प्रकरण असतं ना, सगळ्या रकान्यांत 'पास' लिहिलेलं, सीनियरच्या फाइलमधून उचललेलं? मार्गदर्शकांनी या वर्षी त्यात एकच रकाना वाढवावा: 'काय नापास झालं?' तो कोरा असेल तर सही करू नये.