सुनेचे रक्त केव्हा तपासणार?

अकोटचे व्यापारी कपाशीचा ओलावा पारखल्यावाचून बोली लावीत नाहीत; परंतु घरच्या सुनेच्या अंगात रक्त किती, याची चौकशी बहुतेक घरी दिवस गेल्यावरच सुरू होते, हे खेदाने लिहावे लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शेकडा 54 स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सुखवस्तू घरे यांतून सुटली, असे कोणी समजू नये. ज्या नळीपासून गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू घडतो, ती गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांतच मिटते. म्हणजे घरात बातमी कळेपर्यंत फॉलिक आम्लाच्या गोळीची खरी वेळ बहुधा टळलेली असते. ती गोळी गर्भधारणेपूर्वीच सुरू करावयास पाहिजे. पुढे प्रसूतीत जो रक्तस्राव सशक्त स्त्री सोसते, तोच रक्तहीन स्त्रीचा प्राण घेतो. तेथे मूल जन्मताच मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची सुई टोचणारी शिकलेली परिचारिकाच कामास येते. "आमच्या आजीची बाळंतपणे घरीच झाली," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या आज्या बाळंतिणीच्या खाटेवरून उठल्याच नाहीत, त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही! सातपुड्याच्या पायथ्याहून अकोटास येणाऱ्या कोरकू भगिनीची अडचण आम्ही जाणतो. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या गृहस्थास कोणती सबब आहे?