दुखणं कमरेत, दोष झाडूच्या दांड्यात

संध्याकाळी आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी गेलं की बामचा वास येतो. झाडलोटीच्या कामावरची ताई कंबर धरून बसलेली असते, शिलाई मशीनवाली मान चोळत असते, पॅकिंगला जाणारीचे पाय सुजलेले असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वय झालं आता." वय किती? अडतीस!

हे वयाचं दुखणं नाही, कामाच्या जागेचं आहे. ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. सुट्टीच्या दिवशी दुखणं कमी होतं आणि कामावर गेलं की परत येतं का? त्याच कामावरच्या चार-पाच जणींना एकाच ठिकाणी दुखतं का? रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते का? आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे आपण स्वतःच केलेले जुगाड. कुणी पायाखाली वीट ठेवते, कुणी उलट्या बादलीवर बसते, कुणी दांड्याला चिंधी गुंडाळते. जिथे असे जुगाड दिसतात, तिथे काम माणसाच्या मापाचं नाही, हे नक्की समजावं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना आखूड दांड्याची कुदळी दिली जायची. दिवसभर कमरेत वाकून काम. लांब दांड्याने पिकाचं नुकसान होईल, असं मालक म्हणत. मजुरांच्या पाठी कामातून गेल्या. शेवटी ते कोर्टात गेले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि १९७५ साली त्या कुदळीवर बंदी आली. पुढे लांब दांड्याने शेती चालूच राहिली.

आपल्याकडे १९४६ साली मजूर खात्याचे मंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक मांडलं. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांनाही बसायचा हक्क दिला. म्हणजे कामगाराच्या शरीराचा विचार करणं ही मालकाची मेहेरबानी नाही.

आणि मागायचं तरी काय? उभ्याने झाडता येईल असा लांब दांड्याचा झाडू. कोपराच्या उंचीला येईल असं टेबल. पाठीला टेकू देणारी खुर्ची. जड गोणी उचलायला दोघं जण. तासाभरात पाच मिनिटं अंग मोकळं करायला. यातलं काय महाग आहे? गोळ्या, मालिश आणि बुडालेले खाडे यांचा हिशेब मांडला तर दांडा कितीतरी स्वस्त पडेल.

एकटीने मागितलं तर "कामचुकार आहे" म्हणतील. म्हणून आधी सगळ्यांनी बसून कुणाला कुठे, केव्हापासून दुखतं ते वहीत लिहा आणि ती वही घेऊन मिळून मुकादमाकडे जा. घरकाम करणाऱ्या बायांनीही लांब दांड्याचं पोछा मागायला लाजू नये.

एक मात्र लक्षात ठेवा. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मध्ये बधीरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर बाम चोळत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आपल्या आयांनी वाकून आपल्याला शिकवलं. पुढच्या पिढीला तरी ताठ कण्याने काम करता आलं पाहिजे.