लस देऊन झाल्यावर घोडा जातो कुठे?

भुदरगड तालुक्यात भाताची रोप लावण सुरू झाली की गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयाला सर्पदंशाच्या रुग्णांसाठी सज्ज राहावे लागते. बांधावर गवत कापताना घोणस चावते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला रात्री मण्यार, जळणाच्या ढिगात हात घालणाऱ्याला नाग. कोल्हापूरच्या सीपीआरला पाठवायचे झाले तरी मध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. त्यामुळे सापाच्या लशीच्या पहिल्या कुप्या इथेच शिरेतून द्याव्या लागतात. विषबाधेची लक्षणे असतील तर सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. रुग्ण वाचला की नातेवाईक डॉक्टरांपुढे हात जोडतात, ज्योतिबाला नारळ वाहतात. ज्योतिबाचे वाहन घोडा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ती लसही घोड्याच्या रक्तातून आली आहे, हे मात्र फार थोड्यांना.

ही लस कारखान्यात रसायने मिसळून होत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचतात आणि काही आठवडे-महिने मात्रा वाढवत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग ठरावीक अंतराने त्याचे रक्त काढतात, त्यातला द्रव भाग ठेवून घेतात आणि चांगल्या पद्धतीत लाल पेशी परत त्याच्याच शरीरात सोडतात. त्या द्रवातली प्रतिपिंडे शुद्ध करून कुपीत भरली जातात. महाराष्ट्रात हे काम हाफकिनच्या नावाशी जोडलेले आहे. 1899 मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेली ती प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 1975 मध्ये औषधनिर्मितीसाठी वेगळे महामंडळ झाले आणि पिंपरीला घोड्यांचे तबेले आहेत. राज्यात आणि देशात खासगी उत्पादकही आहेत.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. लशीच्या कामाला तो तेवढा काळ पुरत नाही. टोचण्याच्या जागी गळवे होतात, रक्त कमी होते, खूर बिघडतात. वर्षानुवर्षे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या काही घोड्यांच्या यकृतात आणि प्लीहेत अमिलॉइड नावाचे प्रथिन साचते. ते यकृत इतके ठिसूळ होते की फुटून घोडा अचानक दगावू शकतो. काही वर्षांनी प्रतिपिंडांचे प्रमाणही घटते. मग तो घोडा कामातून काढला जातो. पुढे काय होते, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येतच नाही.

नियम नाहीत असे नाही. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियमांत, वापर संपल्यावर त्या प्राण्याची देखभाल आणि पुनर्वसन ही वापरणाऱ्याची जबाबदारी मानली आहे आणि तो खर्च मूळ कामाच्याच खर्चात धरायचा आहे. तत्त्व अगदी बरोबर आहे. अडचण अशी की नियमात लिहिलेला खर्च लशीच्या किमतीत उतरला की नाही, हे लस विकत घेणारा विचारत नाही. आणि सगळ्यात मोठा खरेदीदार आहे सरकार.

इथे भूतदयेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल. 1901 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घटसर्पावरचे औषध जिम नावाच्या घोड्याच्या रक्तापासून बनवत. त्या घोड्याला धनुर्वात झाला, तरी आधी काढलेला दूषित द्रव वापरात आला आणि तेरा मुले दगावली. पुढच्याच वर्षी तिथे अशा औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. आजारी घोडा कामातून वेळेवर बाजूला झाला पाहिजे, हा धडा तेव्हाचा आहे. बाजूला काढायला जागाच नसेल, तर थकलेल्या घोड्याकडून आणखी एक वर्ष काम करून घेण्याचा मोह कुणालाही होईल.

हा प्रश्न वाढणार आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. म्हणजे लस अधिक लागणार, घोडे अधिक लागणार आणि कामातून निघणारे घोडेही वाढणार. प्रयोगशाळेत बनवलेल्या, घोड्याशिवायच्या प्रतिपिंडांवर संशोधन चालू आहे. ते आपल्या तालुक्यापर्यंत यायला वेळ आहे.

मग या घोड्यांना घर कोण देणार? चांगल्या मनाने कुणीही पुढे यावे, असे हे काम नाही. घोडा म्हणजे शिंगे नसलेला बैल नव्हे. साधारण तीनशे किलोच्या तट्टाला रोज सहाएक किलो सुका चारा लागतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे बुरशी आलेली पिंजर किंवा एकदम बदललेला चारा पोटशूळ उठवतो आणि त्यात तो जाऊ शकतो. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत असणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याला थोड्या मात्रेतही जीवघेणे असते. दर दीड-दोन महिन्यांनी खूर तासावे लागतात. गोशाळेत नेऊन बांधला की पुनर्वसन झाले, ही समजूत म्हणूनच घातक आहे. वरातीला किंवा ओझ्याला असा घोडा देणे तर साफ चूक. त्याचे रक्त आणि यकृत आधीच खर्ची पडलेले असते.

ग्लँडर्सचाही विचार आधी व्हायला हवा. घोड्यांचा हा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो आणि उपचार न झाल्यास बहुधा जीव घेतो. बाधित घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. घोडा लशीच्या तबेल्यातून आलेला असो, रस्त्यावर सोडून दिलेला असो की वरातवाल्याने नको म्हटलेला, रक्ताची तपासणी झाल्याशिवाय तो दुसऱ्या घोड्यांत मिसळू नये. नाकातून घट्ट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. नमुने तपासण्याची सोय हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. घोडा सांभाळणाऱ्याने स्वतः धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्यावी, हेही सांगायला हवे.

2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा चालकांनी काय करायचे आणि घोड्यांनी कुठे जायचे असे दोन प्रश्न एकदमच उभे राहिले होते. लशीच्या घोड्यांबाबत तशी वेळ येण्याची वाट पाहायचे कारण नाही, कारण किल्ली सरकारच्याच हातात आहे. लस खरेदीच्या निविदेत दोन अटी घालता येतील. वर्षभरात किती घोडे कामातून काढले आणि ते कुठे गेले, याचा तपशील उत्पादकाने जाहीर करावा. आणि प्रत्येक कुपीमागे काही रक्कम त्यांच्या देखभालीसाठी वेगळी ठेवावी. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेच्या देखरेखीखाली चराऊ जमीन असलेला एक निवारा पश्चिम महाराष्ट्रात उभा राहू शकतो. कुपी त्यामुळे थोडी महागेल. ग्रामीण रुग्णालयात ती रुग्णाला मोफतच मिळते, त्यामुळे ही वाढ त्याच्या खिशातून जाणार नाही. ती सरकारी तिजोरीतून जाईल, आणि तिथूनच जायला हवी.